डावीकडचं बटण

मास्तरांचा हात सवयीने पुढे गेला आणि काचेवरून घसरला. इतकी वर्षं जिथे रेडिओच्या आवाजाचं गोल बटण होतं तिथे आता काळी, गुळगुळीत काच होती, आणि तिच्यात त्यांना आठ्या घातलेला स्वतःचाच चेहरा दिसत होता. स्टिअरिंगवर गाडी शिकायला येणाऱ्या दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आरशात न बघताच गाडी उजवीकडे घातली होती. मागचा टेम्पोवाला हॉर्न बडवत होता, आणि रेडिओवरची निवेदिका मात्र कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं लावत खुशाल हसत होती.

"आवाज मी कमी करू का, मास्तर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुम्ही रस्त्याकडे बघा."

आवाज कमी करायची खूण काचेच्या उजव्या कडेला होती, म्हणजे चालवणाऱ्याच्या हाताशी. डावीकडे बसणाऱ्या मास्तरांना तिथे पोचायचं तर बाईंच्या कोपराखालून हात घालावा लागला असता, आणि वर खूण शोधायला रस्त्यावरची नजर काढावी लागली असती. दोन्ही गोष्टी त्यांच्या तत्त्वात बसत नव्हत्या. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि दात आवळले.

मास्तर शिकवताना बोलत नसत, ही त्यांची ख्याती होती. गाडी सुरू झाली की रेडिओ सुरू. शिकणाऱ्याचं काही चुकलं की मास्तर आवाज एक घर खाली करत. दुसऱ्यांदा चुकलं की आणखी एक घर. रेडिओ पुरता बंद झाला की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, हँडब्रेक ओढायचा आणि आपलं काय चुकलं ते आपणच शोधून सांगायचं. बरोबर सांगितलं की आवाज पुन्हा वर जाई. बाकीचे ड्रायव्हिंग स्कूलवाले दिवसभर शिकणाऱ्यांच्या अंगावर खेकसत. मास्तरांनी आजवर कुणावर आवाज चढवला नव्हता. गाडीच्या टपावर पाटीच होती: 'न ओरडता शिकवले जाईल.' मास्तरांकडे शिकलेली माणसं केस पिकले तरी गर्दीत गाडी घालताना आधी रेडिओ बारीक करत, आणि आपण असं का करतो ते आपल्या बायकापोरांना हसत हसत सांगत.

आणि आता ते बटणच गेलं होतं. मास्तर आठवडाभर बहिणीकडे काय गेले, तेवढ्यात त्यांच्या मुलीने, ठकूने, गाडीचा कंपनीचा रेडिओ उपटून तिथे हा टीव्ही बसवला होता. सकाळी त्यांनी तो पाहिला तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. घरात आले तर ठकू ओट्यापाशी उभी होती.

"मागचा कॅमेरा आहे त्यात, अप्पा," ती म्हणाली. "गाडी मागे घेताना सगळं दिसतं. आवडला का? की काढायला नको होता जुना?"

मास्तरांनी चहाचा कप होता तसा ठेवला, उठून फळीवरचा स्वयंपाकघरातला रेडिओ बंद केला आणि बाहेर पडले. मागे ठकूच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

गोदामामागच्या मोकळ्या जागेत मास्तरांनी दोन रिकामी पिंपं उभी करून ठेवलेली असत. त्यांच्या मधून गाडी मागे घ्यायची. डॉक्टरीणबाईंना हे कधी जमलं नव्हतं. आज त्यांनी गाडी थांबवली, श्वास घेतला, मागचा गिअर टाकला आणि काय सांगावं, गाडी सरळ रेषेत मागे सरकू लागली. मास्तरांच्या कपाळावरची एक आठी सैलावली. पण गिअर पडल्याबरोबर काचेवर मागचा रस्ता उगवला होता, आणि त्याच क्षणी, कुणी हात न लावता, गाण्याचा आवाज आपसूक पार खाली गेला होता. त्या यंत्राची ती रीतच होती. बाईंना ती कुठून ठाऊक असणार? त्यांनी करकचून ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

"क्लच लवकर सोडला," त्या म्हणाल्या.

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले.

"नाही? मग डावा आरसा. तो बघितलाच नाही मी."

"बाई, तुमचं काही..."

"खांद्यावरून मागे बघायचं राहिलं. हो ना? की चपला? आज टाचेच्या चपला घातल्यात. गाडीत बसतानाच तुम्ही बघितलंत, मला कळलं होतं."

"काही चुकलं नाही तुमचं."

"मग रेडिओ का बारीक केलात?"

"मी नाही केला."

"मास्तर, असं नका हो करू. सकाळपासून घुश्शात आहात, दिसत नाही का मला? सांगून टाका ना. मी घरी जाऊन दिवसभर तेच उगाळत बसते, पेशंटच्या तोंडात हात असला तरी डोक्यात तेच..."

"त्या डबड्याला विचारा!" मास्तर ओरडले.

गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या बाई स्वतः तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स उचलली, आज मी चालतच जाते म्हणाल्या आणि टाचेच्या चपला सावरत निघून गेल्या. मास्तर तसेच बसून होते. घसा खरखरत होता. स्वतःचा एवढा मोठा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

मग ते पलीकडे जाऊन स्टिअरिंगवर बसले आणि गाडी थेट फिटरच्या दुकानाकडे काढली. वाटेत संताप नुसता वाढत गेला. काय कमी केलं होतं या मुलीला? तीन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा दुसऱ्या कुठल्याही बापाने घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. बॅगा उचलून आत ठेवल्या, चालू असलेला रेडिओ बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या किल्ल्या तिच्यापुढे ठेवल्या. का आलीस, काय झालं, एका शब्दाने विचारलं नाही. आजतागायत नाही. आणि जावई तरी कुठला परका होता? त्यांच्याकडेच गाडी शिकलेला. एवढ्या वर्षांत तोच एक शिकाऊ असा, की त्याच्यासाठी मास्तरांना बटणाला एकदाही हात लावावा लागला नव्हता. हे ते पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. आता त्याची आठवण निघाली की त्यांना पुढचं काही सुचत नसे. आताही सुचलं नाही. हात उगाच काचेच्या डाव्या कडेशी जाऊन परत आला.

फिटर एका गाडीत डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडला होता आणि त्याचे पाय दाराबाहेर आले होते. त्याला सगळे फ्यूज म्हणत.

"माझा रेडिओ परत बसव," मास्तर त्या पायांना म्हणाले.

"कोण ते? थांबा जरा," आतून आवाज आला. मग तोंडात बॅटरी धरलेला फ्यूज हळूहळू बाहेर सरकला. "मास्तर तुम्ही? एवढ्या मोठ्याने? मी ओळखलंच नाही."

"जुना रेडिओ कुठाय?"

"आहे ना. टाकवला नाही मला. शिकताना माझा रेडिओ तुम्ही इतका बंद ठेवलात त्या गाडीत, की जन्मभर लोकांचे रेडिओ वाजवत बसायची पाळी आली. तो टाकून कसा देईन?" फ्यूज आपल्या विनोदावर हसला, पण मास्तर हसत नाहीत हे बघून गप्प झाला. त्याने फळीवरून कागदात गुंडाळलेला सेट काढून त्यांच्या हातात दिला.

मास्तरांनी कागद सोडला. डावीकडचं बटण झिजून गुळगुळीत झालं होतं. अंगठा आपोआप तिथे जाऊन बसला आणि त्यांना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी सेट उलटा केला. पाठीमागे गाडीच्या वायरी जिथे खोचतात तो प्लग तसाच खोचलेला होता, आणि त्यातून रंगीत वायरींची बोटभर लांबीची टोकं लोंबत होती. ती सुबकपणे, सरळ कापलेली होती.

"हे काय?"

फ्यूजने कानामागे खाजवलं. "मी कुणाच्या गाडीची वायर कापत नाही, मास्तर. कानाला खडा. कंपनीचा प्लग तसाच ठेवायचा, मधे एक जोड-वायर टाकायची, तिच्या दुसऱ्या टोकाला नवा सेट. उद्या गिऱ्हाइकाचं मन फिरलं की जोड-वायर काढली, जुना परत जागेवर. तुमच्या गाडीसाठीसुद्धा काढून ठेवली होती. ताई म्हणाल्या, ती राहू दे. प्लग काप."

"काप म्हणाली?"

"दोनदा विचारलं मी. म्हटलं, ताई, कापल्यावर जुना सेट असा सहज नाही बसायचा. तर म्हणाल्या, सहज बसायला नकोच आहे मला. मला काही तो कापवेना. मग त्यांनीच पक्कड घेतली आणि कापला."

मास्तरांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. कॅमेऱ्यासाठी, सोयीसाठी, हौसेसाठी काढला असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण समोर उभं राहून, हातात पक्कड घेऊन?

"जोड परत," ते म्हणाले. "एकेक वायर सोलून जोड. दिवस गेला तरी चालेल."

"नाही जोडायचं," मागून आवाज आला.

ठकू दुकानाच्या दारात उभी होती. ऑफिसातून तरातरा चालत आली असावी, कारण तिला धाप लागली होती आणि कानामागे खोचलेलं पेन तसंच होतं.

"डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता," ती म्हणाली. "चला, घरी जाऊ. किल्ली द्या."

मास्तरांनी किल्ली दिली नाही. ठकूने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. परक्यासमोर तमाशा नको म्हणून ते निमूट डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. रेडिओचा सेट मांडीवर होता. फ्यूजने पुन्हा डॅशबोर्डखाली डोकं घातलं, आणि या खेपेला पायही आत ओढून घेतले.

गाडी सुरू झाली तसं गाणंही सुरू झालं. ठकू फटाफट गिअर बदलत बाजारपेठेच्या रस्त्याला लागली. एका सायकलवाल्यावर उगाचच हॉर्न वाजवला. मास्तर समोर बघत होते.

"बाई म्हणाल्या, मास्तर ओरडले," ठकू म्हणाली. "मला खरंच वाटेना. म्हटलं, नक्की काय म्हणाले ते सांगा. दोनदा सांगायला लावलं मी त्यांना."

मास्तरांनी मांडीवरचा सेट नीट धरला.

"आणि चार चुका कबूल केल्या म्हणे त्यांनी. एकही केली नव्हती."

"तुझ्या त्या डबड्यामुळे," मास्तर म्हणाले. "रेडिओ काढण्याआधी मला विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं तर काय बोलला असतात? सकाळी विचारलं, आवडला का. तुम्ही उठून स्वयंपाकघरातला रेडिओ बंद केलात."

"मग काय भांडायला हवं होतं मी? घसा फोडायला हवा होता? तुला जन्मात कधी एका शब्दाने तरी बोललोय मी?"

"नाही ना!" ठकू ओरडली. "नाही बोललात! आई जन्मभर त्या रेडिओकडे कान लावून स्वयंपाक करायची. बंद झाला की माझ्याकडे बघायची. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून कुजबुजायचो, आज काय झालं असेल, भाजीत मीठ कमी पडलं असेल, की मी मामाकडे जाते म्हणाले त्याचं वाईट वाटलं असेल. आणि तुम्ही बाहेर लोकांना सांगायचात, माझ्या घरात कधी आवाज चढत नाही म्हणून."

तिने चौकात गाडी डावीकडे वळवली, इंडिकेटर न देता. मास्तरांचा अंगठा मांडीवरच्या सेटवर होता. तो आपोआप फिरला, एक घर. गाणं चालूच राहिलं.

ठकूने ते बघितलं.

"तो ताट भिरकावायचा, अप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही मी, कारण तुम्ही विचारलं नाहीत. ताट भिरकावायचा, दारं आपटायचा, एकदा माझ्यावरही हात उचलला. पण भिरकावताना निदान कारण तरी सांगायचा. खोटं का असेना. मी तिथून निघाले, बॅगा घेऊन तुमच्या दारात आले, आणि तुम्ही रेडिओ बंद केलात."

समोरचा सिग्नल लाल झाला. तिने गाडी थांबवली. शेजारी एक स्कूटरवाला येऊन थांबला.

"तेव्हापासून मी हँडब्रेक ओढून बसलेय," ठकू म्हणाली. "तुम्ही शिकवलंत तसं. रस्त्याच्या कडेला. रोज ऑफिस उघडते, रोज एक नवी चूक शोधते. लवकर निघून आले का? उशिरा निघाले का? लग्नाआधी तुमच्या शब्दाबाहेर जायला हवं होतं का? की परत यायलाच नको होतं, दुसरीकडे कुठे खोली घ्यायला हवी होती? बाईंना चार चुका सापडल्या, मला किती सापडल्या असतील? म्हणून कापला तो प्लग. म्हटलं, बटण गेलं की तोंडाने तरी बोलतील. रागावून का होईना. शिव्या द्या मला. पण काय चुकलं ते सांगा."

मास्तरांनी अंगठ्याखालचं बटण फिरवलं. आणखी एक घर, आणखी एक, ते पार शेवटाला जाऊन अडेपर्यंत. वायरींची कापलेली टोकं त्यांच्या गुडघ्यावर हलली. गाडीत गाणं तेवढ्याच जोरात वाजत होतं. ते बंद करायला त्यांच्याकडे आता काही नव्हतं. मान खाली घालून ते मांडीवरच्या सेटकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"काय?" ठकूने विचारलं.

"मुलगा मी निवडला होता," मास्तर म्हणाले.

आवाजाची खूण ठकूच्या हाताशी होती. तिचा हात स्टिअरिंगवरून सुटला, काचेपर्यंत गेला आणि परत येऊन गिअरवर बसला.

"ऐकू येत नाहीये, अप्पा."

मास्तरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा लाल झाला होता, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि राग कुणाचा आलाय हे आता त्यांचं त्यांनाही नीट कळत होतं.

"मी निवडला होता!" ते ओरडले. "तू नको म्हणत होतीस! मला वाटलं, ज्याचा रेडिओ कधी बंद करावा लागला नाही तो मुलगा वाईट कसा निघेल! माझं चुकलं! तुझं नाही, माझं! काय तोंडाने विचारणार होतो मी तुला?"

शेजारच्या स्कूटरवाल्याने दचकून आत बघितलं. मग त्याची नजर टपावरच्या पाटीकडे गेली. त्याने ती सावकाश वाचली, पुन्हा आतल्या म्हाताऱ्याकडे बघितलं आणि त्याला हसू आवरेना. सिग्नल कधीचा हिरवा झाला होता आणि मागून हॉर्न वाजत होते.

ठकूने बोटाने डोळ्याखालचं पुसलं. मग काचेच्या उजव्या कडेला हात नेला आणि आवाज एक घर वर केला.